शिलकीचा जाब : नामदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानच्या नोकरीत होते. १८७९ मध्ये ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. पुढे हिंदुस्थान सरकारच्या कोट्यवधींच्या हिशेबाची छाननी करणाऱ्या या माणसाला जमाखर्चाचा पहिला धडा असा घरातच मिळाला, असे चरित्रकार आवर्जून सांगतात. त्यावर फार भार देण्याचे कारण नाही, कारण त्या काळच्या कितीतरी विद्यार्थ्यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. गोखल्यांना अर्थकारणाकडे वळविले ते न्यायमूर्ती रानडे यांनी.

१८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिरले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते विषय शिकविले. रानड्यांशी त्यांचा निकटचा संबंध आला तो काळ सरकारी तिजोरीच्या ओढाताणीचा होता. ब्रह्मदेशाची मोहीम आणि रशियाच्या धास्तीने वाढविलेले सैन्य यांचा बोजा पडला होता. इंग्लंडात पौंडांत भरावयाच्या ‘होम चार्जेस’साठी, रुपयाचा भाव घसरत असल्यामुळे, दरवर्षी अधिक रुपये लागत होते. १८८६ मध्ये प्राप्तिकर बसला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. खर्च कोठे कमी करता येईल हे पाहण्यासाठी सरकारने १८८६ मध्ये जी समिती नेमली, तिच्यावर रानडे स्वतः सभासद होते. काटकसरीची सरकारी भाषा आणि तिच्या मर्यादा या दोहोंशी त्यांचा परिचय होता. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे सोपविताना सरकारी अहवाल कसे वाचावेत याचे शिक्षणही रानड्यांनी त्यांना दिले. दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळाखात्यात नोकरी करणारे, सोलापूरकडे राहणारे हे गृहस्थ आकडेशास्त्रात अद्वितीय होते. गोखल्यांच्या अनेक भाषणांमागचा आकड्यांचा पाया त्यांनी घातलेला आहे. त्यांचे नाव आज विस्मृतीत गेले आहे, हे मराठी अभ्यासकांना भूषणावह नाही.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास डेक्कन सभेने गोखल्यांना लंडनला पाठविले. दादाभाई नौरोजी या आयोगाचे एक सभासद होते. तिशीतल्या या प्राध्यापकाने तेथे जे प्रतिपादन केले त्याचा गाभा असा होता : खर्च वाढतो याचे कारण उधळेपणापुरते मर्यादित नाही, खर्चावर ज्याचा ताबा आहे तो कर देत नाही आणि जो कर देतो त्याचा खर्चावर ताबा नाही, हे खरे मूळ होय. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेग-बंदोबस्तातल्या सोल्जरांविषयी त्यांनी केलेले आरोप पुराव्याने सिद्ध करता आले नाहीत आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ही नामुष्की त्यांना फार लागली. पुढे ऐकीव माहितीवर विधान करण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते, अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होते. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार त्या मंडळाला नव्हता. वर्षातून एकदा बोलायचे, एवढेच. सरकारने कोट्यवधी रुपयांची शिल्लक दाखविली होती आणि शिल्लक म्हणजे सुबत्ता असा तिचा अर्थ लावला जात होता. इतर सभासदांनी अभिनंदन केले. गोखल्यांनी शिलकीचाच जाब विचारला.

त्यांची मांडणी साधी होती. रुपया घसरत होता तेव्हा तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले. १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीला बंद करून रुपयाचा भाव पुढे १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर करण्यात आला. होम चार्जेसचा बोजा हलका झाला. कर मात्र तेथेच राहिले. ही शिल्लक, म्हणजे जुन्या तुटीच्या निमित्ताने लादलेला कर तूट गेल्यावरही चालू राहिल्याचा परिणाम. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ पडले होते, आणि त्यांतल्या दुसऱ्यातही हिशेब शिलकीचाच होता. शेतकरी उपाशी असताना तिजोरी फुगते, तर दोष तिजोरीच्या नियमांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एकावर. प्राप्तिकराची माफीमर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. याचे सारे श्रेय एका सभासदाच्या भाषणांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण सरकारला उत्तर द्यावे लागेल अशा रीतीने मागणी मांडणारा सभासद तोच होता, हेही खरे.

पुढे वारे फिरले. १९०८-०९ चे वर्ष तुटीचे निघाले, चीनशी झालेल्या करारामुळे अफूचे उत्पन्न जाणार हे दिसू लागले आणि १९१० मध्ये नवे कर आले. शिलकीवर टीका करणारा तुटीवर काय बोलेल, असा प्रश्न होता. गोखल्यांची भूमिका बदलली नाही. मोर्ले-मिंटो सुधारणांनी ठराव मांडण्याची सोय झाली होती; तिचा उपयोग करून जानेवारी १९११ मध्ये त्यांनी वाढत्या सरकारी खर्चाच्या चौकशीची मागणी केली. राष्ट्रीय कर्जाविषयीही त्यांचे विवेचन वेगळे होते. हिंदुस्थानचे बहुतेक कर्ज रेल्वे व कालव्यांत गुंतलेले आहे, अनुत्पादक कर्ज थोडे आहे. ते घाईने फेडण्यात अनपेक्षित शिल्लक ओतणे आणि शाळांना पैसा नाही म्हणणे, ही काटकसर त्यांना मान्य नव्हती. तुटीचे समर्थन मात्र त्यांनी कधीच केले नाही. हिशेब जुळला पाहिजे या बाबतीत ते त्यांच्या प्रतिपक्षाइतकेच सनातनी होते, आणि त्यामुळेच अर्थसचिव फ्लीटवुड विल्सन यांच्याशी त्यांचा वाद परस्परांच्या आदराने चालू शकला.

मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सक्ती स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोपविलेली, खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलावयाचा, इतकी ती मवाळ योजना होती. पैसा कोठून आणावा याचेही उत्तर त्यांनी तयार ठेवले होते : आयात जकात पाच टक्क्यांवरून साडेसात करावी. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे त्यांना ठाऊक होते.

जहाल पक्षाला हे सारे आकड्यांचे अरण्यरुदन वाटे, आणि तो आक्षेप निराधार नव्हता. गोखल्यांचे हे कार्य जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीत झाले. ज्याच्या मिठाचा हिशेब ते मांडत होते त्याच्यापर्यंत ते क्वचितच पोचले. मराठीत अंदाजपत्रकाची चर्चा रुजली ती वृत्तपत्रांतून, दुसऱ्यांच्या लेखणीने.

फर्ग्युसनमधून १९०२ मध्ये तीस रुपयांच्या निवृत्तिवेतनावर बाहेर पडलेले गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास वारले. वय पन्नाशीच्या आत होते. महायुद्ध सुरू झाले होते. १९१६ च्या मार्चमध्ये सरकारने आयात जकात पाच टक्क्यांवरून साडेसात टक्के केली. ती युद्धाच्या खर्चासाठी होती.