संत फ्रान्सिस दी सेल्स यांचे कुलचिन्ह



गोंदियाहून नागपूरला गेलो की आपण संत फ्रान्सिस दी सेल्स कॅथेड्रलमध्ये गुडघे टेकून येतो. ज्यांच्या नावाचे हे मंदिर, त्या संताची आज ओळख करून घेऊ या.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी आल्प्स पर्वताच्या कुशीतील साव्हॉय प्रांतात, सेल्स या सरदार घराण्यात झाला. त्या काळी युरोपातील प्रत्येक सरदार घराण्याचे ढालीवर रंगवलेले कुलचिन्ह असे. सेल्स घराण्याच्या निळ्या ढालीवर सोनेरी चंद्रकोर व तारे होते. थोरला मुलगा म्हणून हा मान फ्रान्सिस यांच्याकडे येणार होता. त्यांनी मोठा वकील व्हावे, तोलामोलाच्या घरात लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. १५९१ साली पादुआ येथे त्यांनी कायद्याची पदवी घेतलीही. पण प्रभूची हाक त्यांना मोडवेना. थोरलेपणाचा हक्क सोडून १५९३ साली ते धर्मगुरू झाले आणि १६०२ साली जिनिव्हाचे बिशप.

६ जून १६१० रोजी संत जेन दी शांताल यांच्यासह त्यांनी अ‍ॅनसी येथे मरियाभेटीच्या धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. इतर मठांचे कडक नियम न झेपणाऱ्या विधवा व अशक्त स्त्रियांनाही तेथे जागा होती. वर्षभराने जेन यांना पत्र लिहून त्यांनी या संघासाठी कुलचिन्ह सुचवले. त्यात चंद्र-तारे नव्हते. होते एकच हृदय, दोन बाणांनी विंधलेले. भोवती काट्यांचा मुकुट, वर क्रूस आणि हृदयावर येशू व मरिया ही दोन नावे कोरलेली. या घराचे कुळ प्रभूच्या घायाळ हृदयातून निघाले आहे, हाच त्याचा अर्थ.

२८ डिसेंबर १६२२ रोजी फ्रान्सिस प्रभूघरी गेले. पुढे १६७३ पासून याच संघातील संत मार्गारेट मेरी यांना येशूच्या पवित्र हृदयाची दर्शने झाली. काटे व क्रूस असलेले ते हृदय आज आपल्या घरोघरी भिंतीवर आहे.

नवे कुटुंब मिस्सेला आले की आपण आधी आडनाव विचारतो, मग मूळ गाव. कोण कुठला हे कळल्यावरच बाकावर जागा द्यायची की नाही ते ठरते. २४ जानेवारीला या संताचा सण येतो. त्याआधी घरातील त्या तसबिरीकडे एकदा नीट पाहू या. आपल्या सर्वांचे कुलचिन्ह तेच आहे.