सावित्रीबाईंचे घर

वरंध घाट चढून गेले की भोर लागते, पुढे शिरवळ आणि शिरवळजवळ नायगाव. सावित्रीबाई फुले यांचे हे माहेर. खंडोजी नेवसे पाटील आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी ३ जानेवारी १८३१ रोजी त्या जन्मल्या. नवव्या वर्षी, १८४० मध्ये, लग्न होऊन पुण्याला आल्या. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते.

रमजानच्या पानावर सावित्रीबाई कशा, असे कोणी विचारील. कुरआनचे अवतरण याच महिन्यात सुरू झाले आणि त्यातला पहिला आदेश वाचण्याचा होता. शेजाऱ्याचा हक्क आणि यतिमाचा, म्हणजे पोरक्या मुलाचा, सांभाळ यांची आठवणही हाच महिना करून देतो. सावित्रीबाईंच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी दिसतात.

सुरुवात एका शेजाऱ्यापासून होते. गोविंदराव फुले यांनी लोकांच्या बोलण्यावरून जोतीरावांना शाळेतून काढून बागेच्या कामाला लावले होते. शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये मुलगा पुन्हा शाळेत गेला. पुढे त्याच मुलाने आपल्या पत्नीला अक्षरे शिकवली. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या.

वाटेत अंगावर शेण-चिखल पडत असे. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. अशा वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, ही आठवण पुण्यात आजही सांगितली जाते. फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंबरोबर घेतले जाते ते याच दिवसांपासून. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना फातिमाची काळजी वाटते. आपल्यामागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, याची त्यांना खात्री आहे. त्याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. महार-मांगांना शिकवता म्हणून वाळीत पडलात, असे भावाचे म्हणणे. बहिणीने त्याला विद्येचे मोल समजावले आणि अखेर त्याला ते पटले.

सावित्रीबाईंना मूल झाले नाही. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. यशवंत शिकून डॉक्टर झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्कावर हरकत घेतली. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. यशवंत आपलाच मुलगा आहे, हे दाखवायला त्यांना वेगळे बोलावे लागले नाही.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथे आल्या. मूल वाचले, पण त्यांना लागण झाली. १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी रमजान फेब्रुवारीत आला होता. ईद होऊन आठवडाही झाला नव्हता.

गफ्फार बेग हे शेजारी राहणारे शिक्षक होते. शेजारच्या मुलाची शाळा सुटली, हे त्यांना खटकले आणि ते त्याच्या बापाशी बोलायला गेले. आज इफ्तारीचे ताट शेजारी द्यायला जाल, तेव्हा त्या घरातली मुलगी शाळेत जाते ना, एवढे जरूर विचारा.