विश्लेषण : दुसरी भाषा आधी कानाने का शिकावी? जॉर्ज ग्रियर्सन यांचे आयुष्य गोंदियातील वर्गाला काय सांगते?

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी भागात पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुलांच्या घरी गोंडी बोलली जाते. तिरोडा, गोरेगाव, आमगावकडे पोवारी ऐकू येते, तर सीमेवरच्या गावांत छत्तीसगढी आणि काही घरांत हलबी. या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा असते. मूल वर्गात गप्प बसले की ते अभ्यासात कच्चे आहे, असा शिक्का लवकर बसतो. प्रत्यक्षात ते नवी भाषा ऐकून समजून घेत असते. भाषा कानाने शिकण्याचे महत्त्व शंभर वर्षांपूर्वी एका सनदी अधिकाऱ्याच्या कामातूनही पुढे आले होते. त्यांचे नाव सर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन.

ग्रियर्सन कोण होते?

ग्रियर्सन यांचा जन्म 7 जानेवारी 1851 रोजी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ झाला. घराणे छपाईच्या व्यवसायातले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकले, पण तिथेच प्राध्यापक रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन यांच्यामुळे संस्कृत आणि हिंदुस्तानीची गोडी लागली. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देऊन ते 1873 मध्ये बंगाल इलाख्यात रुजू झाले. नोकरीचा मोठा काळ बिहारमध्ये गेला.

त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. पुस्तकी भाषा घोकून ती परीक्षा पार पडे, पण कचेरीत समोर उभा राहिलेला शेतकरी बोलू लागला की साहेबाची पंचाईत होई. ग्रियर्सन यांनी मैथिली, भोजपुरी, मगही या बोलींकडे लक्ष वळवले. बिहारच्या बोलींची व्याकरणे त्यांनी 1883 ते 1887 या काळात प्रसिद्ध केली. 1885 मध्ये बिहारच्या ग्रामीण जीवनावरचे त्यांचे पुस्तक आले. नांगराचे भाग, बैलगाडीचे सुटे भाग, घर, धान्य, सण अशा गोष्टींची लोकांच्या तोंडची नावे त्यात नोंदवलेली आहेत.

भाषा सर्वेक्षण कसे सुरू झाले?

1886 मध्ये व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या अभ्यासकांची परिषद भरली. भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, अशी शिफारस तिथे झाली आणि त्यामागे ग्रियर्सन यांचा पुढाकार होता. सरकारी मंजुरी मिळेपर्यंत काही वर्षे गेली. 1898 मध्ये ग्रियर्सन या सर्वेक्षणाचे प्रमुख झाले.

प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवले गेले. पहिला, बायबलमधील उधळ्या मुलाच्या गोष्टीचा अनुवाद. दुसरा, त्या बोलीतलीच एखादी गोष्ट, गाणे किंवा निवेदन. तिसरा, ठरावीक शब्द आणि वाक्यांची यादी. एकच गोष्ट सर्व बोलींत असल्याने तुलना सोपी होई. पण अनुवादात मूळ भाषेची छाप उतरते, म्हणून दुसऱ्या नमुन्याला मोल होते.

1903 मध्ये निवृत्त होऊन ग्रियर्सन इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे राहायला गेले आणि उरलेले काम त्यांनी तिथूनच केले. नॉर्वेचे अभ्यासक स्टेन कोनो यांची त्यांना मोठी मदत झाली. 1928 पर्यंत अकरा खंडांचे, एकोणीस भागांचे हे काम पूर्ण झाले. त्यात 179 भाषा आणि 544 बोलींची गणना आहे.

गोंदियाच्या बोली त्यात कुठे आहेत?

तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. हा भाग मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. सर्वेक्षणात या भागातल्या बोली वेगवेगळ्या खंडांत विखुरल्या आहेत. गोंडी ही द्राविड भाषा, त्यामुळे ती चौथ्या खंडात आहे. पोवारीचा विचार पूर्व हिंदीच्या सहाव्या खंडात झाला. हलबी सातव्या, म्हणजे मराठीच्या खंडात आली.

ही विभागणी शिक्षकांच्याही कामाची आहे. पोवारी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला मराठीतले बरेच शब्द ओळखीचे वाटतात. गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी मात्र शब्दांपासून वाक्याच्या घडणीपर्यंत बरेच काही नवे असते. एकाच बाकावरच्या या दोन मुलांना मराठी सारखीच अवघड जाईल, असे गृहीत धरून चालत नाही.

मग ग्रामोफोन कशासाठी?

सर्वेक्षणाचे नमुने कागदावर आले होते. ते बहुतेक स्थानिक अधिकारी आणि शिकलेल्या माणसांनी लिहून पाठवले होते. लिपीत मात्र सगळे उच्चार मावत नाहीत. मराठीतच पाहा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहायला सारखे. पण पहिल्यातला ‘ज’ आणि दुसऱ्यातला ‘ज’ वेगळा. हा फरक पाटीवर दिसत नाही, तो ऐकावाच लागतो. घरी हिंदीच्या जवळची बोली बोलणाऱ्या मुलाच्या कानाला तो ओळखीचा नसतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी भारतातल्या प्रांतिक सरकारांच्या मदतीने भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. 1913 पासून 1929 पर्यंत हे काम टप्प्याटप्प्याने चालले आणि दोनशेहून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये भारतात नोकरीसाठी निघालेल्या उमेदवारांना शिकवताना या तबकड्यांचा उपयोग झाला. भारतात पाऊल ठेवण्याआधी त्यांच्या कानावर त्या भाषेचा मूळ आवाज पडू लागला. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहामुळे ही ध्वनिमुद्रणे आज मोबाइलवरही ऐकता येतात.

या कामाच्या मर्यादा कोणत्या?

मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थान यांचा बराच भाग सर्वेक्षणाबाहेर राहिला. ज्यांची बोली नोंदवली, त्या सामान्य माणसांची नावे फारशी उरली नाहीत. शिवाय ऐकण्याची ही सोय राज्य करणाऱ्यांसाठी होती. साहेबाला रयतेची भाषा कळावी, हा तिचा हेतू. रयतेच्या मुलाला शाळेची भाषा कशी कळेल, हा प्रश्न त्या योजनेत नव्हता. तो आजही पूर्ण सुटलेला नाही.

आजच्या वर्गात याचा उपयोग काय?

ऐकणे म्हणजे नुसते गप्प बसणे नव्हे, ते शिकवावे लागते. गोष्ट सांगण्याआधी चित्र दाखवून चार नवे शब्द घरच्या बोलीच्या आधाराने समजावले, तर मुलाला गोष्टीचा धागा सापडतो. पहिल्यांदा ऐकताना प्रश्न एकच ठेवावा : गोष्ट कोणाची आहे? दुसऱ्यांदा तपशील विचारावा. उत्तर बोलूनच द्यावे असेही नाही. चित्रावर बोट ठेवणे, सूचना ऐकून कृती करणे हीसुद्धा समजल्याची खूण असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960 च्या दशकात ऐकून कृती करण्याची अशीच पद्धत मांडली. तिचे तत्त्व साधे आहे. आधी समज पक्की होते, बोलणे मागाहून येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवण्यावर भर देते. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही वाचनाआधीच्या मौखिक भाषेला स्थान आहे. शिक्षकाला गोंडी येत नसेल, तर गावातील आजी-आजोबांनी त्यांच्या बोलीत सांगितलेली गोष्ट त्यांच्या परवानगीने मोबाइलवर मुद्रित करता येते. तीच गोष्ट मग सोप्या मराठीत ऐकवता येते. ग्रियर्सन यांच्या काळी ज्यासाठी सरकारी यंत्रणा लागली, ते आज शिक्षकाच्या खिशात आहे.

ग्रियर्सन यांना 1912 मध्ये सर हा किताब आणि 1928 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. त्यानंतरही त्यांनी काश्मिरी भाषेच्या मोठ्या शब्दकोशाचे काम 1932 मध्ये तडीस नेले. 9 मार्च 1941 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी कॅम्बर्ली येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी खंडांत नोंदवलेल्या गोंडी, पोवारी आणि हलबी या बोली गोंदियात आजही बोलल्या जातात. त्या बोलणारे मूल वर्गात काही दिवस गप्प राहिले, तर त्याला ऐकायला पुरेसा वेळ आणि समजेल अशी मराठी मिळते आहे का, हे आधी तपासायला हवे.