पूल बांधणारें कुटुंब

न्यूयॉर्क येथील ब्रुकलिनचा झुलता पूल ज्यानें चित्रांत पाहिला नाहीं, असा विद्यार्थी विरळाच. परंतु तो पूल एका स्थलांतरित कुटुंबानें केवढें मोल देऊन उभारला, हें थोड्यांस ठाऊक असेल. त्या कुटुंबाचा मूळपुरुष जॉन रोबलिंग याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉनचा जन्म १२ जून १८०६ रोजीं जर्मनींतील म्यूलहाउझेन गांवीं झाला. बापाचें तंबाखूचें दुकान होतें. जॉननें बर्लिन येथें स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला. परंतु स्वदेशीं आपल्या कल्पनांस वाव नाहीं असें पाहून १८३१ सालीं तो भाऊ कार्ल याजबरोबर अमेरिकेस गेला. पिट्सबर्गच्या उत्तरेस रान तोडून त्यांनीं सॅक्सनबर्ग हें गांव वसविलें. पूल बांधण्यास शिकलेल्या हातांनीं नांगर धरला. पण शेती कांहीं साधेना. १८३७ सालीं कार्ल उष्माघातानें वारला आणि त्याच वर्षीं जॉनला वॉशिंग्टन हा पहिला पुत्र झाला. जॉननें नांगर ठेवून पुन्हां आपली विद्या हातीं घेतली.

त्या प्रांतीं कालव्यांतील नावा रुळांवर चढवून जाड दोरखंडांनीं डोंगरापार ओढीत. हे दोरखंड झिजत व तुटत. तेव्हां लोखंडी तारांचाच दोर कां वळूं नये, असें जॉनच्या मनांत आलें. १८४१ सालीं सॅक्सनबर्गच्या कुरणांत, शेजारच्या शेतकऱ्यांच्या हातांनीं, तो दोर तयार होऊं लागला. अशा तारांच्या आधारानें त्यानें नायगारा नदीवर ८२१ फूट लांबीचा पूल टांगला आणि १८५५ सालीं त्यावरून आगगाडी नेली. असा पूल टिकणार नाहीं, असें मोठमोठे जाणते म्हणत होते.

जॉनचा स्वतःवर जबर विश्वास होता. त्याच बळावर त्यानें यश मिळविलें. परंतु दुसऱ्याचें ऐकणें त्यास ठाऊक नव्हतें. घरीं मुलें त्याच्या धाकानें कांपत. २८ जून १८६९ रोजीं ब्रुकलिनच्या धक्क्यावर पुलाची जागा पाहतांना एका नावेच्या धडकेनें त्याचा पाय चिरडला. वैद्यांचा उपदेश झिडकारून त्यानें आपलेच जलोपचार चालविले. अखेर धनुर्वातानें २२ जुलै रोजीं त्याचा अंत झाला. पुलाचा एक दगडही तोंवर बसला नव्हता.

बत्तीस वर्षांच्या वॉशिंग्टननें तें काम शिरावर घेतलें. नदीच्या तळाशीं, दाबलेल्या हवेच्या कोठींत मजुरांबरोबर उतरून उतरून १८७२ सालीं तो अंथरुणास खिळला. परंतु बापाच्या ठायीं नसलेला एक गुण त्याच्या अंगीं होता: तो दुसऱ्यावर विश्वास टाकूं शके. त्याची पत्नी एमिली गणित व तारांचें शास्त्र शिकली आणि पतीच्या सूचना रोज कामावर पोंचवूं लागली. अकरा वर्षें हा क्रम चालला. २४ मे १८८३ रोजीं पूल खुला झाला, तेव्हां त्याचा मधला गाळा जगांतील सर्व झुलत्या पुलांत लांब होता.

एकाच्या हिंमतीनें पुलाचा आराखडा झाला, हें खरें. पण तो पार पडला तो एकमेकांच्या आधारानें. चार जाड दोरांनीं हा पूल तोलून धरला आहे आणि त्यांतील प्रत्येक दोर पांच हजारांहून अधिक बारीक तारांचा आहे. एकटी तार कितीही चिवट असली, तरी तिनें पूल पेलत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवावें.