बेळगावचे सायकलवाले : लक्ष्मणराव किर्लोस्कर

गणपतीला बेळगुंदीला गेलो की एक दृश्य हमखास दिसते. गोठ्याच्या कडेला, पूर्वी बैलगाडी उभी असायची त्या जागी, एखादी जुनी गाडी उभी असते. बॉनेट उघडे, चाके काढून विटांवर टेकवलेली, आणि खाली घोंगडे अंथरून घरातला एखादा तरुण आडवा झालेला. पडेल भावात घ्यायची, सवडीने दुरुस्त करायची, दोन-चार महिने आपण फिरवायची आणि मग कुणाला तरी विकून दुसरी आणायची, असा हा छंद. घरातली वडील माणसे कपाळाला आठ्या घालतात. नोकरी सांभाळायची सोडून हा काळ्या तेलात हात घालून बसतो, याने काय साधणार, असा त्यांचा रोख असतो.

असेच एक गृहस्थ आमच्या बेळगाव भागात होऊन गेले. त्यांच्या वेळी मोटारी नव्हत्या, म्हणून ते सायकली आणून विकत आणि दुरुस्त करत. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. कारखानदार म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. पण त्यांची सुरुवात बेळगावच्या एका सायकलच्या दुकानातून झाली, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत त्यांचीच ओळख करून द्यावी असे वाटले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मलप्रभेच्या काठचे हे गाव सौंदत्तीजवळ आहे. किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातल्या किर्लोसचे. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच घराण्यातले आणि याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी ही त्या काळची रीत होती. लक्ष्मणाचे मन मात्र पुस्तकात कधी रमले नाही. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे.

थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाचा हा कल ओळखला आणि खर्चाची जबाबदारी घेतली. १८८५ साली, सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोन वर्षे चांगली गेली. मग लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक डोळ्यांनी कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हा मोठाच घाव होता. भावाने पोटाला चिमटा घेऊन पाठवलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न त्या मुलाला किती छळला असेल याची कल्पना आपण करू शकतो. त्यांनी गाशा गुंडाळला नाही. रंग गेले तरी रेषा हातात होती. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि त्या जोरावर भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची जागा मिळवली.

शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन बसत. कुठले यंत्र कसे चालते, कुठला भाग का झिजतो, तो काढायचा कसा आणि पुन्हा बसवायचा कसा, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी करून पाहिले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. हा कार्यशाळेतला मोकळा वेळ हेच त्यांचे कॉलेज.

त्याच सुमारास मुंबईत सायकल दिसू लागली होती. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे माणसाएवढे मोठे चाक आणि मागे इवलेसे चाक. वरून पडले तर हातपाय मोडायचेच. १८८५ मध्ये इंग्लंडात दोन्ही चाके सारखी असलेली आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर काढला आणि सायकल खऱ्या अर्थाने बसण्याजोगी झाली. नेमक्या त्याच १८८८ साली लक्ष्मणराव आणि रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलचे दुकान थाटले. व्यवस्था सोपी होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा बेळगावात त्या विकत. नुसते विकून भागत नसे, कारण घेणाऱ्याने सायकल जन्मात पाहिलेली नसायची. म्हणून ती चालवायलाही दुकानातच शिकवत. किंमत शेकड्यांत असल्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे साहेब, वकील, इनामदार अशी मंडळी. दुकानावर पाटी लागली ती किर्लोस्कर बंधू या नावाची. पुढे जगभर गेलेले हे नाव प्रथम बेळगावच्या रस्त्यावर झळकले. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

विकलेली वस्तू कधी ना कधी दुरुस्तीला परत येते. सायकलचा छर्रा फुटतो, आरे सैल होतात, साखळी ताणते, पुढचा चिमटा वाकतो. आज बाजारात गेलो की पाच मिनिटांत सुटा भाग मिळतो. त्या वेळी सगळा माल विलायतेहून जहाजाने यायचा. वाट पाहायची नसेल तर मोडलेला भाग इथेच सरळ करावा लागे, नाहीतर नवा घडवावा लागे. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तूची आतली बाजू दिसते. ती कुठे कच्ची आहे, कुठे उगाच महाग आहे आणि कुठला भाग आपल्याकडेही होऊ शकेल, हे त्याला विकणाऱ्याच्या आधी कळते. लक्ष्मणरावांच्या पुढच्या साऱ्या उद्योगाचे मूळ मला इथे दिसते.

मुंबईची नोकरी बरी चालली होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत असूनही कातडीमुळे मागे राहावे लागते, हे त्यांच्या जिव्हारी लागले. १८९७ च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडून सायकलच्या दुकानात जाऊन बसणे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात सोपे नव्हते. रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून ते जमले. लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना रामूअण्णांना वगळणे म्हणजे गाडीचे एक चाक काढून ठेवण्यासारखे आहे.

बेळगावात आल्यावर त्यांचे लक्ष सायकलीवरून शेताकडे गेले. आमच्या भागात गुरे घरोघरी. कडबा तसाच लांबच्या लांब टाकला की जनावर कोवळा भाग खाते आणि बुडखे तुडवून वाया घालवते. तोच कडबा बारीक कापून दिला तर सगळा संपतो. लक्ष्मणरावांनी हाताने चालवायचे कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. दुष्काळाने गांजलेल्या त्या वर्षांत वैरण वाचवणे म्हणजे जनावर वाचवणे होते.

त्यानंतर १९०३ साली आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो. खोलवर गेलेल्या हरळी-कुंद्याच्या मुळ्या त्याने निघत नाहीत. विलायती लोखंडी नांगर जमीन खोल फोडून ढेकूळ उलथा करत असे, पण तो परदेशातून आणावा लागे. तसाच नांगर लक्ष्मणरावांनी बेळगावात बनवला. तो विकायला गेल्यावर वेगळेच संकट उभे राहिले. लोखंडामुळे जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरवले नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर असते तो नव्या वस्तूला बिचकणारच, हे त्यांना समजत होते. त्यांनी नांगर सुधारत नेला आणि तो रानात चालवून दाखवला. शेतकरी कानांनी ऐकून विकत घेत नाही, डोळ्यांनी पाहून घेतो.

जम बसू लागला तोच घाव बसला. शहराच्या नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडण्याचा हुकूम आला. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिथे सायकलचे दुकान काढले, जिथे भट्टी पेटवली, ते गाव सोडायचे आणि तेही वयाच्या चाळिशीत, हाताशी पैसा नसताना. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी नोकरीसाठी, कधी परिस्थितीच्या रेट्याने, बेळगाव-निपाणीचा भाग सोडला आणि दूर संसार मांडला. त्यांना या प्रसंगाचे मोल अधिक सांगायला नको.

अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. राजा स्वतः चित्रकार आणि कलेचा जाणता. लक्ष्मणराव औंधला बांधकामाच्या निमित्ताने त्यांच्या परिचयाचे झाले होते. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते आणि त्यात नाग-साप. पण जवळून रेल्वे जात होती, तीही बेळगावकडूनच येणारी. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा मुहूर्त झाला. पुढे त्या स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी पडले.

वाडी वसवताना माणसे कशी निवडली ते पाहण्यासारखे आहे. रामूअण्णांनी गावाची उभारणी आणि व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर असे सहकारी मिळाले. यांतल्या कुणाच्या हाती मोठ्या पदव्या नव्हत्या. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना नेमले. समाजाने टाकलेल्या माणसावर विश्वास टाकला तर तो जीव तोडून राखण करतो, हा लक्ष्मणरावांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हा दंडक होता. मोडकी वस्तू फेकायची नाही, तिच्यात काय शिल्लक आहे ते आधी पाहायचे, ही दुरुस्ती करणाऱ्याची नजर त्यांनी माणसांनाही लावली असे म्हणावेसे वाटते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड यायचे थांबले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. जुन्या लोखंडाचा इतका चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर स्थापन झाली. नांगरांमागून पंप, उसाचे चरक, इंजिने आणि लोखंडी फर्निचर आले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्यातून पुढे 'किर्लोस्कर' मासिक आले, नंतर १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. आपल्या आई-आजीच्या हातात ही मासिके पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. त्यांचाही उगम त्या नांगराच्या कारखान्यातच आहे.

नांगराच्याच साली जन्मलेले पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत यंत्रविद्या शिकून परतले. त्यांनी उद्योग हरिहर, पुणे, बंगळूरपर्यंत नेला. लक्ष्मणरावांनी कारभार वेळेवर पुढच्या पिढीच्या हाती दिला.

शेवटची परीक्षा उतारवयात आली. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांचे काम डोळ्यांदेखत राख झाले. त्यांनी कुणाला शाप दिले नाहीत. कारखाना पुन्हा उभा करायचा एवढेच ठरले, आणि तो उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

रंग दिसत नाहीत म्हणून चित्रकला सुटली, बढती नाकारली म्हणून नोकरी सुटली, जागा गेली म्हणून बेळगाव सुटले आणि अखेरीस कारखानाही जळाला. दर वेळी त्यांनी एकच केले. उरले काय ते पाहिले आणि त्यातून काय होईल ते करायला घेतले. वस्तू खोलून, साफ करून, पुन्हा जुळवणाऱ्या माणसाला हे जमते.

म्हणून यंदा गणपतीला गावी गेलात आणि गोठ्यापाशी जुन्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर लगेच रागावू नका. त्याला हात धुऊन आरतीला यायला सांगा, प्रसाद द्या आणि गाडीचे काय बिघडले होते ते विचारा. तो मन लावून सांगू लागला तर पाच मिनिटे ऐकून घ्या. रामूअण्णांनी एवढेच केले होते.

गणपती बाप्पा मोरया!