तुकोबांची खतावणी

"तुम्ही बँकेत होतात, तेव्हा कर्जाबिर्जावर काहीतरी लिहा," असं स्मरणिका समितीने सांगितलं. कर्जावर लिहायचं तर देहूरोडच्या माणसाने लांब कशाला जायचं? दर ज्येष्ठात जी पालखी आपल्या भागातून आकुर्डीकडे जाते, ते तुकोबा मुळात दुकानदार आणि सावकार. चित्रात आपण त्यांना वीणा-चिपळ्या घेतलेले पाहतो. मी त्यांच्याकडे जरा कर्जाच्या फाइली चाळून थकलेल्या डोळ्यांनी बघणार आहे. माळकरी मंडळींनी राग मानू नये.

तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे 1608 चा धरतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, आडनाव अंबिले, कूळ मोरे. देहूच्या पेठेची महाजनकी घराण्यात होती. शेती, दुकान, बैलांवर गोण्या लादून मालाची ने-आण आणि सावकारी असा चौफेर व्यवहार. थोरल्या सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून तेराव्या वर्षीच धंदा तुकोबांच्या गळ्यात आला. आणि त्यांनी तो चालवला, नीट चालवला. संतांना व्यवहार कळत नाही असं आपण उगीचच धरून चालतो.

तो धंदा कसा चालायचा? कुणब्याने पेरणीला दाणे न्यायचे, घरातल्या अडीअडचणीला रोख न्यायची आणि सुगीला फेडायचं. मधल्या काळात सावकाराचा पैसा शिवारात अडकलेला. म्हणजे दुकानाची खरी मालमत्ता कोठारात कमी आणि खतांच्या बासनात जास्त. आम्ही बँकेत याला येणी म्हणायचो. येणी कागदावर कितीही मोठी दिसली तरी पाऊस पडला तरच ती खरी.

सतराव्या वर्षाच्या आसपास आई-वडील गेले. भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि 1630 चा दुष्काळ आला. गुजरातपासून दख्खनपर्यंत माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. ज्यांच्याकडून येणं होतं ते एक तर मेले, नाहीतर परागंदा झाले. जनावरं गेली. पण तुकोबांना ज्यांचं देणं होतं ते थांबायला तयार नव्हते. धंदा बुडतो तो असा, दोन्हीकडून. दिवाळं निघालं, मानहानी झाली. थोरली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू भुकेने गेले. दिवाळ्याची आणि पत्नीच्या मृत्यूची हकीकत तुकोबांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवली आहे, काहीही न लपवता. स्वतःच्या दिवाळ्याबद्दल इतकं उघड बोलणारा कर्जदार मला नोकरीत एकही भेटला नाही.

पुढची कथा महिपतींनी लिहिली आहे, अठराव्या शतकात. तुकोबांच्या धाकट्या पत्नी जिजाई पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी, सावकाराघरची. नवऱ्याला बाजारात कोणी दारात उभं करेना, तेव्हा जिजाईंनी स्वतःच्या नावाने रोखा लिहून दिला आणि 200 चं कर्ज काढून भांडवल उभं केलं. तुकोबांनी त्यातून मीठ घेतलं, ते बालाघाटाकडे नेऊन विकलं आणि 200 चे 250 झाले. एका खेपेत पंचवीस टक्के! माल घेतला, वाहिला, विकला, पैसा पुन्हा हातात. खेळत्या भांडवलाचं याहून चोख उदाहरण मी कुठल्या प्रशिक्षण वर्गात ऐकलं नाही. परतताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक गरीब ब्राह्मण भेटला, तुकोबांचं मन द्रवलं आणि सगळे पैसे त्याला देऊन ते रिकाम्या हाताने घरी आले.

इथे मला जिजाईंची बाजू घ्यायची आहे. कीर्तनांतून, सिनेमांतून त्यांना कजाग म्हणून रंगवलंय. अहो, रोख्यावर सही त्यांची होती! वसुलीला माणूस यायचा तो त्यांच्या नावाने. अशी बाई चिडली नसती तरच नवल. आज महिला बचत गटांची परतफेड चांगली असते म्हणून आपण कौतुक करतो. त्या पंगतीत पहिलं पान जिजाईंचं मांडायला हवं.

आता मूळ गोष्ट. दुष्काळ सरल्यावर तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. धाकटे भाऊ कान्होबा शोधत गेले आणि त्यांना इंद्रायणीकाठी घेऊन आले. तिथे तुकोबांनी कर्जाची खतं मागवली. सगळी नदीत सोडायची होती. कान्होबा म्हणाले, तुम्ही साधू झालात, मला मुलंबाळं पोसायची आहेत. मग तुकोबांनी वाटणी केली. निम्मी खतं कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली.

हा निम्म्याचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. भागीदाराच्या पैशावर त्यांनी उदारपणा केला नाही. आणि बुडवणं म्हणजे काय हेही ध्यानात घ्या. तेव्हा व्याज मुद्दलापेक्षा वर जाऊ नये हा दामदुपटीचा संकेत होता, पण मुद्दल पिढ्यान्‌पिढ्या मागता यायचं, ते त्या कागदाच्या जोरावर. कागद गेला की दावा गेला. उद्या मन बदललं तरी परत यायची सोय नाही.

1990 मध्ये दहा हजारांपर्यंतच्या शेतीकर्जाची माफी आली तेव्हा मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. थकबाकीदारांच्या याद्या रात्री बसून केल्या. पैसे सरकारने भरले, बँकेचं काही गेलं नाही, माझं तर नाहीच. यादी लागल्यावर एक म्हातारा आला. वेळच्या वेळी हप्ते भरणारा, दोन वर्षांपूर्वी त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडलेला. त्याने सगळ्या पावत्या टेबलावर पसरल्या आणि मला काय मिळणार म्हणून विचारलं. मी त्याला चहा पाजला. दुसरं काही सुचलं नाही. देहूतही दुष्काळाआधी प्रामाणिकपणे फेडून गेलेला एखादा कुणबी असणारच. पण त्याला निदान एवढं दिसत होतं की सोडणारा माणूस स्वतःच्या पदरचं सोडतोय, आणि त्याच्याही घरात दाणा नाही.

खतं बुडाली आणि सावकारी संपली. मग तुकोबांनी पूर्वज विश्वंभरबाबांचं पडझड झालेलं विठ्ठल मंदिर दुरुस्त केलं. भंडाऱ्याचा डोंगर, कीर्तनं, अभंग हे सगळं त्यानंतरचं. पुढे त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्याही बुडवाव्या लागल्या, त्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. खतं वर आल्याचं कोणी सांगत नाही. अभंग उतरवून घेणाऱ्यांत सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे होते, तेलाचा धंदा करणारे. हिशेबाची सवय असलेला हात लेखनालाही कामी आला असणार.

शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले, तेव्हा वय बेचाळीसच्या आत-बाहेर. जिजाईंच्या पोटात नारायण होता. त्याच नारायणबाबांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली आणि पुढे घराण्याला देहू, येलवाडी आणि आपल्या शेजारचं किन्हई अशी तीन गावं इनाम मिळाली.