सर जोसेफ व्हिटवर्थ आणि त्यांची रायफल

पोलिसांच्या निवडक नेमबाजाच्या हातीं जी रायफल असते तिची किंमत साध्या शिपायाच्या बंदुकीच्या कितीतरी पट असते. वरवर पाहतां तीहि एक लोखंडी नळी व एक दस्ता. मग एवढा पैसा कशाचा, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत सहज येईल. त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां आपणांस दीडशें वर्षांहून अधिक मागें, इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं जावें लागतें. तेथील एका कारखान्याचे मालक सर जोसेफ व्हिटवर्थ यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

जोसेफ यांचा जन्म स्टॉकपोर्ट या गांवीं ता. २१ डिसेंबर १८०३ रोजीं झाला. त्यांचे वडील शाळामास्तर होते. चौदाव्या वर्षीं मुलास डर्बीशायरमधील एका आप्ताच्या सूतगिरणींत उमेदवारीस ठेवण्यांत आलें. परंतु त्याचें लक्ष सुतापेक्षां सूत काढणाऱ्या यंत्रांकडेच अधिक असे. कांहीं वर्षांनीं ती बसल्या जागीं मिळणारी भाकरी सोडून जोसेफ मँचेस्टरला गेले व साध्या कारागिराच्या मजुरीवर यंत्रकाम शिकूं लागले. १८२५ सालीं ते लंडनला जाऊन हेन्री मॉडस्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यांत राहिले.

त्या काळीं लोखंडाचा तक्ता सपाट करावयाचा म्हणजे कुरुंदाची पूड टाकून एकावर दुसरा घांसावयाचा, अशी रीत होती. परंतु दोन तक्ते एकमेकांवर तंतोतंत बसले म्हणून ते सपाट असतीलच असें नाहीं. एकास किंचित् फुगवटा व दुसऱ्यास तितकाच खोलगटपणा असला तरीहि ते नीट बसतात. व्हिटवर्थ यांनीं तीन तक्ते घेतले. प्रत्येकाची इतर दोघांशीं आळीपाळीनें पारख करावयाची, रंग लावून उंचवटा कोठें आहे तें पाहावयाचें, आणि तेवढाच भाग तासणीनें खरवडून काढावयाचा, हा त्यांचा क्रम. दोघांचें संगनमत होऊं शकतें, पण तिसऱ्या साक्षीदारापुढें खोटें टिकत नाहीं. तसाच हा न्याय होय. या कामीं त्यांनीं किती रात्री जागून काढल्या असतील, त्याची कल्पना ज्यानें हातीं कानस धरली आहे त्यालाच येईल.

१८३३ सालीं मँचेस्टरला परत येऊन त्यांनीं स्वतःचा कारखाना काढला. त्या वेळीं प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत बसत नसे. १८४१ सालीं व्हिटवर्थ यांनीं आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून सर्वांसाठीं एकच प्रमाण सुचविलें, आणि तें हळूहळू साऱ्या इंग्लंडांत रूढ झालें. पुढें क्रिमियाच्या युद्धांत ९० तोफनौकांचीं एंजिनें अल्पावधींत तयार करणें शक्य झालें, तें निरनिराळ्या ठिकाणीं केलेले भाग एकमेकांस जुळत म्हणूनच. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत त्यांनीं मापनाचें एक यंत्र मांडलें. दोन सपाट टोकांमध्यें पोलादाचा लहानसा तुकडा धरावयाचा. टोकें इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतकीं दूर सरकलीं कीं तो आपल्याच वजनानें खालीं पडे. डोळ्यांस जें दिसत नाहीं तें येथें स्पर्शास कळूं लागलें.

१८५४ सालीं सरकारनें त्यांस एन्फील्ड बंदुका बनविणारीं यंत्रें योजण्यास सांगितलें. व्हिटवर्थ यांचें म्हणणें असें पडलें कीं, चांगली नळी कशानें चांगली ठरते हेंच जोंवर कोणास ठाऊक नाहीं, तोंवर यंत्रें करून उपयोग काय? त्यांनीं आपल्या घराच्या आवारांत ५०० यार्ड लांबीचें एक छपरी दालन बांधविलें. वाऱ्याचा त्रास होऊं नये म्हणून तें चोहोंकडून बंद होतें, आणि गोळीचा मार्ग कळावा म्हणून आंत ठिकठिकाणीं पातळ कागदाचे पडदे लावले होते. वादळानें तें एकदां पडलें. त्यांनीं पुन्हां उभारलें व १८५५ पासून प्रयोग सुरू केले.

प्रयोगांतून निघालेली गोष्ट आमच्या बालवाचकांस भोंवऱ्यावरून समजेल. भोंवरा जोरानें फिरत असला तरच ताठ उभा राहतो. वेग कमी झाला कीं डगमगतो. गोळीचेंहि तसेंच आहे. नळींतील पिळामुळें ती स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून तिचें टोंक समोर राहतें. एन्फील्डच्या नळीचा व्यास ०·५७७ इंच होता व तींत ७८ इंचांत एक पीळ होता. व्हिटवर्थ यांनीं व्यास ०·४५१ इंच ठेवला, गोळी लांबट केली व २० इंचांतच एक पूर्ण पीळ दिला. नळीचें पोकळ अंग त्यांनीं षट्कोनी केलें, आणि गोळीहि त्याच आकाराची केली. एवढी जुळणी साधण्यास तेंच तक्त्यांचें, आट्यांचें व मापनयंत्राचें ज्ञान लागलें.

१८५७ सालीं हाइथ येथें दोन्ही बंदुकांची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या सरासरीनें सुमारें २७ इंच चुकल्या, व्हिटवर्थच्या अवघ्या साडेचार इंच. १४०० यार्डांवर एन्फील्डचा नेम अजिबात चालेना. व्हिटवर्थची गोळी त्याहि पलीकडे लक्ष्य गांठीत होती. तरीहि सैन्यानें ती स्वीकारली नाहीं. तिची किंमत एन्फील्डच्या सुमारें चौपट होती, आणि बारीक नळींत दारूची काजळी लवकर सांचे. आम्हांस सरकारचा हा निर्णय सर्वस्वी अयोग्य वाटत नाहीं. धुरांत व चिखलांत उभ्या असलेल्या हजारों शिपायांस झटपट भरतां येणारी स्वस्त बंदूक हवी होती. वस्तूची योग्यता ती कोणत्या कामास लावावयाची त्यावर अवलंबून असते. १८६० सालीं विंबल्डन येथें नेमबाजीच्या पहिल्या राष्ट्रीय सामन्यांचें उद्घाटन मात्र याच रायफलीनें झालें. ती एका घोडीवर पक्की बसविली होती. व्हिक्टोरिया राणीनें रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी लागली.

या अचूकपणाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत दक्षिणेकडील सैन्यानें या थोड्या रायफली मिळवून आपल्या उत्तमोत्तम नेमबाजांस दिल्या. त्यांपैकीं कांहींवर दुर्बीण बसविली होती. ती योजना मुंबई इलाख्याच्या सैन्यांतील डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्याची. ता. ९ मे १८६४ रोजीं उत्तरेचे सेनापति जॉन सेजविक एवढ्या दुरून आपणांस कोण टिपणार, अशा विश्वासानें उभे असतां गोळी लागून ठार झाले. ती व्हिटवर्थ रायफलीची असावी असें मानण्यांत येतें. मँचेस्टरच्या दालनांत कागदाचे पडदे भेदणारी गोळी शेवटीं माणसाच्या देहांतून गेली. मापाला दयामाया नसते. ती हातास असावी लागते.

व्हिटवर्थ स्वभावानें हट्टी व स्पष्टवक्ते होते. अधिकाऱ्यांशीं त्यांचें फारसें जमलें नाहीं. तथापि धन मिळाल्यावर त्यांस कारागिरांच्या मुलांचा विसर पडला नाहीं. १८६८ सालीं त्यांनीं एक लाख पौंडांची देणगी देऊन दरसाल शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या ठेविल्या. त्यांच्या परीक्षेंत गणित व शास्त्र यांबरोबर हत्यार चालविण्याचें कसबहि पाहिलें जाई. नुसत्या पुस्तकानें किंवा नुसत्या हातानें त्यांचें समाधान होत नसे. १८६९ सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. ता. २२ जानेवारी १८८७ रोजीं माँटे कार्लो येथें त्यांचें निधन झालें. त्यांस मूलबाळ नव्हतें. त्यांच्या संपत्तींतून मँचेस्टर येथें कलामंदिर व बाग उभी राहिली आणि रुग्णालयांसहि साहाय्य झालें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १९७२ सालीं म्यूनिक येथील ऑलिंपिकच्या वेळीं ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंस सोडविण्याचा प्रयत्न फसला. त्या रात्रीं जर्मन पोलिसांपाशीं दुर्बिणी लावलेल्या योग्य रायफली नव्हत्या. एकहि ओलीस वांचला नाहीं. त्यानंतर जर्मनींत पोलिसांसाठीं जी पी. एस. जी. १ नांवाची रायफल तयार झाली, तिच्यासाठीं कसोटीच अशी ठेविली कीं, ३०० मीटरांवर ५० गोळ्या ८ सेंटिमीटरांच्या वर्तुळांत पडाव्या. सैन्यास चौपट किंमत जड वाटली, कारण तेथें गोळ्या पुष्कळ सुटतात. पोलिसांस बहुधा एकच गोळी सोडावयाची असते, आणि अपराध्याच्या खांद्याशेजारींच एखाद्या निरपराध्याचें मस्तक असतें. त्या वीतभर अंतरासाठीं तो सारा पैसा आहे. विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत माप घेतांना एवढें अवश्य स्मरावें, कीं केंसाएवढी चूक जवळ दिसत नाहीं; ती दूरवर जाऊन दिसते, आणि ती भोगणारा बहुधा दुसराच कोणी असतो.